पियानोवाले बाखपासूनच सुरुवात का करतात? (आणि रिख्टर या पियानोवादकाने काय काय वाजवलंच नाही)

धागाकर्ता : तिहाई_चुकलेला

मंडळी, आधीच सांगतो की मी तबल्याच्या चार परीक्षा देऊन सोडून दिलेला माणूस आहे, पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण भाची पियानो शिकते, तिच्या हट्टापायी गेल्या महिन्यात मुंबईत एका पियानोवादकाच्या मैफिलीला गेलो. कागदावर क्रम छापलेला होता, आधी बाखची एक पार्टिटा, मग बेथोव्हेनचा तो टेम्पेस्ट (म्हणजे वादळ) नावाचा सोनाटा, मग मध्यांतर (समोसा ऐंशी रुपये, असो), मग शोपँचं पहिलं बॅलाड आणि शेवटी प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा.

भाची म्हणाली मामा हे नेहमीचंच आहे, जुन्याकडून नव्याकडे. बरोक, क्लासिकल, रोमँटिक, मग विसावं शतक. मला ते इतिहासाच्या पुस्तकासारखं वाटलं, शिवाजी महाराज, मग पेशवे, मग इंग्रज. आपल्याकडे मैफिलीचा क्रम वेळेवर आणि रंगावर ठरतो, बडा ख्याल, छोटा ख्याल, मग ठुमरी-नाट्यगीत आणि भैरवी. कोणता राग किती साली रचला गेला म्हणून कोणी आधी गात नाही. तर हा क्रम कोणी ठरवला? आणि एकाच माणसाने अडीचशे वर्षांचं सगळं वाजवायचं ही सक्ती आहे का?

दुसरं म्हणजे माझी फजिती. बेथोव्हेनचा पहिला भाग संपला तेव्हा मला वाटलं सम आली, मी कडकडून टाळी वाजवली. एकट्याने. पुढच्या रांगेतल्या बाईंनी असं वळून पाहिलं की मी खिशातला मोबाईल पण बंद केला जो आधीच बंद होता.

आणि तिसरं, प्रोकोफिएव्हचा शेवटचा भाग सात मात्रांचा आहे हे मला दहा सेकंदात कळलं आणि मी खूश होऊन मांडीवर रूपक धरला, पण बसेचना!! कोणी सांगेल का का बसेना?

—

शेंगदाणा :

लंबर एक! समोसा ऐंशी रुपये हाच खरा टेम्पेस्ट.

—

मांडवीकाठ :

तिहाई, टाळीचं मनावर घेऊ नका. बेथोव्हेनच्या काळात लोक दोन भागांच्या मध्ये बिनधास्त टाळ्या वाजवायचे, १८१३ मध्ये व्हिएन्नात त्याची सातवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली तेव्हा दुसरा भाग तिथल्या तिथे परत वाजवायला लावला होता. गप्प बसायची शिस्त खूप नंतरची.

रूपकाचं सोपं आहे. आपला रूपक तीन-दोन-दोन. तो शेवटचा भाग आहे दोन-तीन-दोन. तुम्ही तीनवर जोर देऊन सुरुवात केली की पुढचं सगळं सरकणार. धा-गे धा-गे-ना धा-गे असं काहीतरी धरून पाहा. मी गोव्यात पियानो शिकवते, मोठ्या मुलांना हा भाग ऐकवते तेव्हा आधी टेबलावर हाताने वाजवून घेते.

क्रमाबद्दल संध्याकाळी लिहिते, आता क्लास आहे.

—

भोचक_आजोबा :

मूळ प्रश्नच चुकीचा आहे. त्यांच्याकडे सगळं कागदावर लिहिलेलं, वाजवणाऱ्याला स्वतःचं काही घालायचं नसतं. मग आधी काय आणि नंतर काय याने फरक काय पडणार, टायपिस्टने आधी कोणतं पत्र टाईप केलं असं विचारण्यासारखं आहे ते.

—

रद्दीवाला_रसिक :

आजोबा, राग मानू नका पण टायपिस्टचं हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकतोय. नंतर येतो त्यावर.

आधी क्रम कोणी ठरवला ते. मुळात एकट्याने पूर्ण संध्याकाळ पियानो वाजवायची हीच कल्पना फार जुनी नाही. आधी मैफल म्हणजे भेळ असायची, एक गाणारी बाई, एक व्हायोलिन, मध्येच पियानो, परत गाणं. लिस्ट या पियानोवादकाने १८४० मध्ये लंडनला आपल्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत रिसायटल हा शब्द वापरला तेव्हा लोक चक्रावले होते, की पियानोवर पठण कसं करणार म्हणून. न बघता वाजवणं सुद्धा तेव्हा आगाऊपणा समजला जायचा, क्लारा शूमान (तेव्हाची क्लारा वीक) लहान वयात पाठ वाजवायची म्हणून तिच्यावर टीका झाली होती.

आणि "जुन्याकडून नव्याकडे" याचा मोठा धमाका केला आन्तोन रुबिनस्टाइनने. हा रशियन, १९व्या शतकातला, आर्थर रुबिनस्टाइन वेगळा बरं का, नेहमी घोळ होतो. या बाबाने १८८५-८६ मध्ये सात मैफिलींची मालिका केली आणि तीच मालिका पीटर्सबर्ग, मॉस्को, बर्लिन, व्हिएन्ना, पॅरिस, लंडन अशी शहरोशहरी फिरवली. पहिल्या दिवशी इंग्लंडच्या बर्ड आणि बुलपासून सुरू करून कूपराँ, रामो, स्कार्लाती, बाख, हँडल करत मोझार्टपर्यंत. दुसऱ्या दिवशी बेथोव्हेनचे आठ सोनाटे. आठ! एका संध्याकाळी! मूनलाइट, टेम्पेस्ट, वाल्डश्टाइन, आप्पासिओनाता आणि शेवटचे अवघड तीन-चार. मग शूमानला एक पूर्ण दिवस, शोपँला एक आणि वर अर्धा, आणि शेवटी त्याच्या काळातले रशियन. रशियात हेच कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी परत फुकट वाजवायचा. म्हणजे तिहाई तुम्ही इतिहासाचं पुस्तक म्हणालात ते अगदी बरोबर, तो ते पुस्तकच वाजवत होता. आजचा दोन तासांचा बाख-बेथोव्हेन-शोपँ-प्रोकोफिएव्ह म्हणजे त्याचं गाईड समजा, एकवीस अपेक्षित.

—

सई_पुणे :

एकवीस अपेक्षित!! मेले =))

—

मांडवीकाठ :

रद्दीवाले, छान लिहिलंत. मी फक्त हाताच्या बाजूने सांगते, कारण क्रमाचं एक कारण हातात पण आहे.

बाखच्या काळात आजचा पियानो नव्हताच. क्रिस्तोफोरीने फ्लोरेन्समध्ये १७०० च्या सुमारास पहिला बनवला, पण बाखने आयुष्यभर मुख्यतः हार्पसिकॉर्ड, क्लाव्हिकॉर्ड आणि ऑर्गनसाठी लिहिलं. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच. म्हणून बाख वाजवताना सगळं बोटांनी बोलायचं, पेडल अगदी चटणीपुरतं. बेथोव्हेनने सुरुवात केली तेव्हाचे पियानो पाच सप्तकांचे, लाकडी सांगाड्याचे, आजच्या मानाने खेळण्यासारखे हलके. शोपँपर्यंत एरार या पियानो बनवणाऱ्याची ती दुहेरी उसळीची यंत्रणा आली होती, म्हणजे पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर परत वाजवता येतो. लोखंडी सांगाडा आणि एकावर एक तिरप्या तारा हे आणखी नंतरचं. आता मोठा कॉन्सर्ट पियानो २७४ सेंटिमीटर लांब, पाचशे किलोच्या जवळ आणि ८८ पट्ट्या. प्रोकोफिएव्ह त्या राक्षसासाठीच लिहितो, पियानो म्हणजे हातोड्यांचं वाद्य आहे हे लपवतच नाही.

म्हणजे वाजवणारा एका संध्याकाळी एकाच वाद्यावर चार वाद्यं वाजवत असतो. हात गरम व्हायला, कान बारीक व्हायला बाख आधी बरा. उलटं केलं, आधी प्रोकोफिएव्ह आणि मग बाख, तर लोकांचे कान बधिर झालेले असतात. (करतात काही जण तसंही, आणि कधी कधी फार सुंदर लागतं, पूर आल्यावर ओसरल्यासारखं.)

अवांतर: आमच्याकडे मुलं ट्रिनिटी नाहीतर एबीआरएसएमच्या परीक्षा देतात, त्यातही वेगवेगळ्या काळातलं थोडं थोडं घ्यावं लागतं त्यामुळे ही सवय आठ-नऊ वर्षांच्या वयापासून लागते. आणि सगळ्या पालकांचा आवडता "बाखचा मिनुएट इन जी" बाखचा नाहीच, पेट्झोल्ड नावाच्या माणसाचा आहे, बाखच्या बायकोच्या वहीत उतरवून ठेवलेला. हे सांगितलं की पालक अशा नजरेने बघतात जसं मीच तो चोरलाय.

—

तिहाई_चुकलेला :

मांडवीकाठ ताई, दंडवत. दोन-तीन-दोन धरून बसलो होतो आत्ता तासभर. बसलं!! बायको म्हणाली जेवायला चल आधी.

रद्दीवाले, मग माझा दुसरा प्रश्न राहिला. सगळं वाजवायलाच हवं का?

—

रद्दीवाला_रसिक :

याचसाठी थांबलो होतो. इथे मी एकाच माणसाबद्दल बोलणार, स्व्यातोस्लाव रिख्टर. १९१५ ला जितोमिरला जन्म (आज युक्रेनमध्ये), वाढला ओदेसात, वडील ऑर्गन वाजवायचे. लहानपणी रीतसर तालीम फारशी नाहीच, ऑपेरा हाऊसमध्ये गायकांच्या सरावाला पियानोवर साथ करायचा, अख्ख्या ऑर्केस्ट्राची पानं बघून तिथल्या तिथे पियानोवर उतरवायची. आपल्याकडे नाटक कंपनीतल्या ऑर्गनवाल्यासारखं, ज्याला सगळी पदं सगळ्या पट्ट्यांत येतात. १९३७ ला मॉस्कोला हाइनरिख नॉयहाउस या गुरूकडे शिकायला गेला तेव्हा बाविशीचा होता. १९४१ मध्ये वडिलांना जर्मन म्हणून सोव्हिएत राजवटीने गोळ्या घातल्या. आणि हाच माणूस १९५३ मध्ये स्टालिनच्या अंत्यविधीत पियानो वाजवायला नेला गेला. यावर मी काही लिहीत नाही.

तर याचा पसारा. तो स्वतः म्हणायचा की माझ्याकडे ऐंशी वेगवेगळे कार्यक्रम तयार आहेत, चेंबर म्युझिक (दोन-चार जणांनी मिळून वाजवायचं) सोडून. ऐंशी सूर नाही, ऐंशी संध्याकाळी! बाख, हँडल, हायडन, बेथोव्हेन, शूबर्ट, शूमान, शोपँ, लिस्ट, ब्राम्स, मुसॉर्ग्स्की, रखमानिनॉव, स्क्र्याबिन, डेब्यूसी, रावेल, बार्टोक, हिंडेमिथ, प्रोकोफिएव्ह, शोस्टाकोविच, ब्रिटन. तिहाई, तुमचा सातवा सोनाटा जानेवारी १९४३ ला मॉस्कोत पहिल्यांदा लोकांपुढे वाजवला तो यानेच, आणि चार दिवसांत बसवला होता. नववा तर प्रोकोफिएव्हने त्यालाच अर्पण केला.

आता गंमत बघा. ज्याच्याकडे ऐंशी संध्याकाळी होत्या तो काय वाजवत नव्हता? बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स नाही. बेथोव्हेनचा वाल्डश्टाइन नाही, चौथा आणि पाचवा कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची रचना) नाही, म्हणजे एम्परर नाही!! शूबर्टचा शेवटून दुसरा ए मेजर सोनाटा नाही. इतका प्रोकोफिएव्हचा माणूस पण तिसरा कॉन्चेर्टो, जो जगभर सगळ्यात जास्त वाजतो, तो नाही. अख्खे संच वाजवायचा त्याला कंटाळा, रखमानिनॉवच्या प्रेल्यूड्समधले निम्मेच घेतले, शोस्टाकोविचच्या २४ प्रेल्यूड-फ्यूगमधले (आधी छोटी प्रस्तावना, मग एकमेकांमागे धावणारे आवाज, अशा जोड्या) निवडक. आवडतील तेवढेच. अपवाद बाखचा वेल टेम्पर्ड क्लाव्हिए, दोन खंड, ४८ प्रेल्यूड आणि ४८ फ्यूग, सगळे, एकही न गाळता.

म्हणून मला विचाराल तर कोणाचा पसारा किती मोठा हे मोजण्यात अर्थ नाही. काय बाजूला ठेवलं ते बघा. जमत नव्हतं म्हणून नव्हे हो, एम्परर त्याला न जमायला काय झालं होतं. आपल्याला त्यात काही सांगायचं नसेल तर हात लावायचा नाही.

—

भोचक_आजोबा :

हे मात्र पटलं. भीमसेन अण्णांचे राग मोजकेच, लोक म्हणायचे परत पूरिया का, परत मियाँ मल्हार का, आणि ऐकायला बसले की उठायचे नाहीत. उलट मन्सूर अण्णांची पोतडी अनवट रागांची. दोघंही थोरच.

पण टायपिस्टवर उत्तर आलं नाही अजून.

—

डेन्व्हरचा_पाऊस :

आजोबा, मी प्रयत्न करतो. शूबर्टचा शेवटचा सोनाटा बी फ्लॅट मेजर, १८२८ च्या सप्टेंबरात लिहिला आणि नोव्हेंबरात गेला, वय ३१. कागद सगळ्यांना तोच. पहिला भाग रिख्टर वाजवतो चोवीस-पंचवीस मिनिटं. नुसता पहिला भाग! त्यातला एक मोठा तुकडा परत वाजवायची खूण शूबर्टने केलीय, अनेक जण ती गाळतात आणि चौदा-पंधरा मिनिटांत मोकळे होतात. रिख्टर गाळत नाही आणि वर लय अशी की विलंबित म्हणजे काय ते कळतं. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड, त्याला शूबर्ट फारसा आवडायचा नाही, तेच तेच परत येतं म्हणून. तो १९५७ ला मॉस्कोला गेला होता तेव्हा त्याने रिख्टरकडून हाच सोनाटा ऐकला आणि संमोहन झाल्यासारखा बसून राहिला, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. एकाच कागदाची दोन टायपिस्ट इतकी वेगळी प्रत काढत असतील तर तो टायपिस्ट नाही ना.

गूल्ड स्वतः उलट टोक. बाख भरभरून, शोपँला जवळजवळ हात नाही, आणि १९६४ नंतर स्टेजच बंद, फक्त रेकॉर्डिंग. इटलीचा पियानोवादक पोलिनी तिसराच, १९६० ला वॉर्सॉची शोपँ स्पर्धा जिंकली आणि नंतर शोपँ-बेथोव्हेनबरोबर बुलेझ आणि श्टोकहाउझेन हे अगदी आधुनिक संगीतकार वाजवायचा, म्हणजे लोक शोपँसाठी तिकीट काढून यायचे आणि बुलेझ ऐकून जायचे (काही मध्यांतरातच जायचे). आणि २०२३ च्या जानेवारीत पियानोवादक युजा वांगने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकाच मैफिलीत रखमानिनॉवचे चारही कॉन्चेर्टो आणि वर पागानिनी रॅप्सडी वाजवली, इथे काळाचा प्रवास वगैरे काही नाही, एकच माणूस, पोटभर.

—

शेंगदाणा :

आमच्याकडे पण एकच माणूस पोटभर असतो, लग्नाच्या पंगतीत.

रद्दीवाले, रिख्टर ऐकायची सुरुवात कुठून करू? सिरियसली विचारतोय, मला तो चोवीस मिनिटांचा शूबर्ट झेपणार नाही, रील बघणारा माणूस आहे मी.

—

रद्दीवाला_रसिक :

शेंगदाणा, तुमच्यासाठी सोफिया, फेब्रुवारी १९५८. मुसॉर्ग्स्कीचं पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन. छोटी छोटी चित्रं आहेत, बरीचशी दीड-दोन मिनिटांची, चालतील तुम्हाला. बल्गेरियात हिवाळा, अख्खा हॉल खोकतोय, रेकॉर्डिंग जुनं आणि एखाद दोन सूर चुकतात पण, आणि तरी शेवटचं कीव्हचं महाद्वार येतं तेव्हा खुर्चीत ताठ व्हायला होतं. लोकांना हे रावेलने १९२२ ला ऑर्केस्ट्रासाठी केलेल्या रूपात माहीत असतं, मूळ पियानोचं आहे, १८७४ चं. रिख्टरला ते ऑर्केस्ट्रावालं रूप अजिबात खपायचं नाही.

चुकीवरून आठवलं. बाखचा इटालियन कॉन्चेर्टो हा माणूस चाळीस वर्षं वाजवत होता. म्हातारपणी लक्षात आलं की मधल्या भागाच्या शेवटाकडे एके ठिकाणी आपण एफच्या जागी एफ शार्प वाजवत आलोय. चाळीस वर्षांत एकानेही सांगितलं नव्हतं. तर पठ्ठ्याने सीडीवर तसं छापायला लावलं, की ही चूक मी इतकी वर्षं केली आणि आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये पण आहे. आजोबा, हे तुमच्यासाठी खास. टायपिस्ट असता तर व्हाइटनर लावून गप्प बसला असता.

—

भोचक_आजोबा :

शब्द मागे. टायपिस्ट निम्मा मागे घेतो. निम्मा ठेवतो कारण आमच्या हापिसात एक टायपिस्ट होते ते साहेबांचं व्याकरण सुधारून टाईप करायचे, त्यांचा अपमान नको.

—

सई_पुणे :

मी एक विचारू का, बावळट वाटेल. इतकं सगळं पाठ कसं राहतं? ऐंशी कार्यक्रम म्हणजे लाखो सूर झाले ना.

—

मांडवीकाठ :

बावळट अजिबात नाही, माझ्या मुलांचा हाच पहिला प्रश्न असतो. सगळं एका वेळी हातात नसतंच. एका मोसमात दोन-तीन कार्यक्रम हातात, बाकीचं मुरांब्यासारखं बरणीत. परत काढलं की आठवडा-दोन आठवड्यांत वर येतं. लहानपणी बसवलेलं चटकन येतं, चाळिशीनंतर बसवलेलं रुसून बसतं, स्वानुभव. फ्यूग सगळ्यात वाईट, तीन-चार आवाज एकमेकांच्या मागे धावत असतात, एक सुटला की सगळी फुगडी कोसळते.

रिख्टरने तर शेवटच्या पंधरा-एक वर्षांत पाठ वाजवणंच सोडलं. स्टेजवर अंधार, पियानोवर एक दिवा, समोर कागद आणि पानं उलटायला माणूस. त्याचा कान वयाने सरकला होता, पट्टी दाबली एक आणि ऐकू येतोय वरचा सूर असं व्हायचं, परफेक्ट पिच (सूर ऐकताच कोणता ते ओळखणारा कान) असलेल्या माणसाला ते किती भयंकर असेल. पण कागद समोर ठेवण्याचं तो असंही म्हणायचा की तेच प्रामाणिकपणाचं आहे, लिहिलेलं सगळं दिसतं. आणि त्याच दिवसांत नवीन बसवणं मात्र थांबलं नाही हो. १९८६ मध्ये सायबेरियाचा लांबलचक दौरा केला, वाटेत लहान लहान गावांत वाजवत. मोठ्या हॉलपेक्षा त्याला असं आवडायचं, फ्रान्समध्ये तूरजवळ तर जुन्या धान्याच्या कोठारात त्याने स्वतःचा महोत्सव सुरू केला होता.

मोझार्टशी मात्र त्याचं कधी पुरतं जमलं नाही असं तो स्वतःच म्हणायचा. हायडन जमला. हे ऐकून मला फार बरं वाटलेलं, कारण माझंही तसंच आहे, कोणाला सांगू नका.

—

डेन्व्हरचा_पाऊस :

शेवटची मैफलही हायडनच. मार्च १९९५, जर्मनीत ल्यूबेकला, हायडनचे सोनाटे आणि मग दोन पियानोंवर रेगरची व्हेरिएशन्स, बेथोव्हेनच्या धूनेवरची. ऐंशी वर्षांचा होता. म्हणजे तिहाई, तुमचा जुन्याकडून नव्याकडे क्रम त्यातही आहेच, फक्त शोपँ-लिस्टचे सगळे फटाके गाळून.

—

तिहाई_चुकलेला :

सगळ्यांचे आभार, धागा कुठल्या कुठे गेला आणि मजा आली. भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिला आता बाखची गोल्डबर्ग बसवायची नाहीये "कारण रिख्टरने पण नाही वाजवली". तिची तिसरी परीक्षा आहे, गोल्डबर्ग तिला कोणी सांगितलीच नव्हती.

काल रात्री हिंमत करून तो चोवीस मिनिटांचा शूबर्ट लावला. सुरुवातीची ती संथ धून झाल्यावर एकदम खालच्या सप्तकात काहीतरी घुमतं ना, हळूच, लांब गडगडल्यासारखं, आणि मग सगळं थांबतं. मी डोळे मिटून बसलेलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो खाली बोअरवेलवाला आला का बघा जरा. मी जागचा हललो नाही. ते दुसऱ्यांदा घुमलं तेव्हा ती बाहेर आली आणि ओट्याचं फडकं हातात घेऊन उभीच राहिली, सोनाटा संपेपर्यंत नाही, पण आमटीला उकळी येईपर्यंत तरी.